कुठली मोटर, एवढं तरी विचारायचं होतं!

काल रात्री साडेअकराला गूगल जाहिरातींचा सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला, म्हणजे लोकांनी काय शोधलं तेव्हा जाहिरात दिसली त्याची यादी. तेव्हापासून डोकं ताळ्यावर नाही.

आमच्या शेजारच्या दादांचं सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. जळालेलं वायंडिंग काढायचं, तांब्याची तार भरायची, वार्निश करून वाळवायची, तीस वर्षं हेच काम. आणि एजन्सीनं त्यांच्या पैशांवर चालवलेली जाहिरात आठ महिने कुठल्या शोधांवर दिसत होती? 'मोटर ड्रायव्हिंग स्कूल फी'. 'मोटर वाहन कर ऑनलाइन'. 'सेकंडहँड मोटरसायकल'. क्लिकला 22 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, आणि पलीकडे लायसन काढायला निघालेला पोरगा!

परवा मी दुकानात असतानाच फोन आला. दादांचे दोन्ही हात वार्निशने बरबटलेले, त्यांनी कोपरानं स्पीकर दाबला. "चारचाकी शिकायला किती दिवस लागतात ओ?" दादा शांतपणे म्हणाले, "बाळा, इथं मोटर भरतात, शिकवत नाहीत." दिवसातला तो चौथा फोन. त्यांना वाटत होतं, नंबर कुठंतरी चुकून छापला गेलाय. आठ महिने हा माणूस स्वतःच्या पैशानं विकत घेतलेले राँग नंबर उचलतोय आणि त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

एक कॅम्पेन, एक ॲड ग्रुप, त्यात 140 कीवर्ड, म्हणजे ज्यांच्यावर जाहिरात दाखवायची ते शब्द, कोंबलेले, सगळे ब्रॉड, म्हणजे लांबून संबंध लागला तरी जाहिरात दिसणार. 'मोटर', 'पंप', 'रिपेअर' असे सुटे शब्द! 'पंप'वरून पेट्रोल पंपाची डीलरशिप शोधणारेसुद्धा आले. निगेटिव्हची, म्हणजे ज्यांच्यावर जाहिरात दाखवायचीच नाही त्या शब्दांची, यादी उघडली तर कोरी. लोकेशन डिफॉल्टवर, म्हणजे सांगलीत 'इंटरेस्ट' असलेला कुणीही, कुठूनही. क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगल देतं ते गुण, दहापैकी 2 आणि 3, आणि ॲड रेलेव्हन्सपुढे, म्हणजे जाहिरात शोधाशी किती जुळते त्यापुढे, ओळीनं 'बिलो ॲव्हरेज'. आणि महिन्याच्या महिन्याला एजन्सीची पीडीएफ यायची, इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात दिसल्याचे आकडे, वाढले म्हणून. त्या रंगीत पीडीएफची मला मनापासून चीड आहे. इम्प्रेशननं तार विकत घेता येते का?

तरी आपल्या हातातलं आधीच किती गेलंय! गूगलनं 2014 ला क्लोज व्हेरियंट (कीवर्डची मिळतीजुळती रूपं) बंद करायची सोय काढून टाकली, 2018 ला नेमक्या शब्दासाठी असलेल्या एक्झॅक्टमध्येही 'सेम मीनिंग' आणलं, 2020 ला कमी शोधले जाणारे शब्द रिपोर्टमधून झाकले, 2021 ला ब्रॉड मॉडिफायर (अमुक शब्द शोधात हवाच, ही अट) काढून घेतला. मग जे उरलंय ते तरी डोळ्यांत तेल घालून बघायला नको?

शेतकरी 'रिवाइंडिंग सर्व्हिसेस' टाइप करत नाही हो. तो 'मोटर जळाली' टाकतो, 'साडेसात एचपी मोटर भरायला खर्च' टाकतो, 'मोटर पाणी उचलत नाही' टाकतो, तेही कितीदा तरी इंग्रजी अक्षरांत. 'भरणे' हा शब्द अख्ख्या अकाउंटमध्ये नाही! दुकानाच्या पाटीवर फूटभर अक्षरांत लिहिलाय, 'मोटर भरून मिळेल'. पाटी वाचायला कुणी आलंच नाही. जाहिरातीवर क्लिक केलं की उघडतं काय, तर 'वेलकम टू अवर वेबसाइट', पिवळं हेल्मेट घातलेला परदेशी माणूस, आणि फोन नंबर पार तळाला. एप्रिलमध्ये ऊस वाळत असताना, मोटर जळालेला माणूस तिथवर खाली जाणार आहे का?

'मोटरसायकल' निगेटिव्हला टाकलं म्हणून 'बाइक' अडत नाही, ठाऊक आहे. एकेक शब्द, दोन्ही लिप्यांत, हातानं टाकावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण आठवड्याला अर्ध्या तासाचं आहे. एजन्सीवाल्यांनो, दर महिन्याचे पैसे या कामाचेच घेत होतात ना?

आणि सगळ्यात संतापजनक गोष्ट आज सकाळी कळली. मला मिळालेला ॲक्सेस रीड-ओन्ली आहे. अकाउंट एजन्सीच्या नावावर, ॲडमिन द्यायला नकार. पैसे दादांचे, आठ महिन्यांचा डेटा दादांच्या पैशातून आलेला, आणि मालक एजन्सी! 'मोटर' पॉज करायचं बटणसुद्धा माझ्या हातात नाही. दुपारी दादांच्या स्वतःच्या ईमेलवर नवीन अकाउंट उघडलं, शून्यापासून. कीवर्ड एकही टाकायच्या आधी निगेटिव्हमध्ये पहिला शब्द टाकला: ड्रायव्हिंग.