हिरकणी कक्षाची किल्ली

गेल्या महिन्यात एका एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना, तान्हे बाळ कडेवर घेतलेली एक तरुण बाई 'हिरकणी कक्ष' अशी पाटी असलेल्या, बाळाला पाजण्यासाठी राखून ठेवलेल्या खोलीच्या दारापाशी थबकलेली दिसली. दाराला कुलूप होते. किल्ली नियंत्रकांकडे होती आणि नियंत्रक जेवायला गेले होते. शेवटी फलाटाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, तिने पदराआड बाळाला पाजले.

कोजागरीला रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, घरी बाळ भुकेले असेल म्हणून अंधारात कडा उतरून गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती सांगताना आपल्याला कडा आठवतो आणि तिथे महाराजांनी बांधवलेला बुरूज आठवतो; गडाचे दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हे मात्र ओझरते सांगून आपण पुढे जातो. स्तनपानाबद्दल आपले अगदी असेच झाले आहे. आईच्या दुधाची महती गाण्यात कोणी कमी पडत नाही, पण दरवाजा उघडण्याची वेळ आली की किल्ली सापडत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात, बाळाला घेऊन आलेल्या आमदार सरोज अहिरे यांना थेट विधान भवनातल्या हिरकणी कक्षातील धुळीची तक्रार करावी लागली होती, मग तालुक्याच्या स्थानकाचे काय घेऊन बसायचे!

पहिला बंद दरवाजा प्रसूतिगृहातच लागतो. बाळाला जन्मानंतर तासाभरात छातीशी घ्यावे, सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात, परंतु पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळे केवळ ४१.८ टक्के आहेत. म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका समोर असतानाही निम्म्याहून अधिक बाळांचा तो तास वाया जातो. माझे सिझेरियन झाले तेव्हा बाळ माझ्याकडे पाच तासांनी आले आणि तोवर कोणा नातेवाइकांनी प्रेमाने त्याला मध चाटवला होता. वर्षाच्या आतील बाळाला मध देणे धोक्याचे असते, हे त्या खोलीत कोणीही बोलले नाही. "अजून दूध कुठे आले आहे?" असे मला सांगण्यात आले. वास्तविक पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक एका वेळेला चमचा-दोन चमचेच असतो. नवजात बाळाच्या इवल्याशा पोटाला तो पुरतो आणि जंतुसंसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे त्याला देतो.

त्यानंतर घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे "हिचे दूध पुरत नाही". बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते; वरचे दूध सुरू केले की बाळ कमी ओढते, त्यामुळे दूध खरोखरच आटू लागते आणि बोलणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाकाठी सहा-सात दुपटी ओली करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर बहुधा दूध पुरत असते. अळिवाचे लाडू जरूर करावेत, पण रात्रीतून चार वेळा उठलेल्या बाळंतिणीला लाडवापेक्षा दुपारची दोन तासांची झोप अधिक हवी असते, आणि ती मिळण्यासाठी बाळाची दुपटी दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो बाळाच्या वडिलांनी, धुवावी लागतात. काही जणींना आजारपणामुळे किंवा औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांना अपराधी ठरवण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून १९८९ साली सुरू झालेली दुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेल्या दुधाची पेढी, अशाच बाळांच्या उपयोगी पडते. तशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यांत हव्यात.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे कागदावर सहा महिन्यांचे गणित जुळले. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. परंतु फडावर कोयता चालवणारी, चार घरची धुणीभांडी करणारी किंवा रोजंदारीवर खुरपायला जाणारी आई या रजेचा अर्ज कोणाकडे देणार? लवकर कामावर परतावे लागले की तिच्या बाळाचे दूध सुटते, आणि पाणी घालून पातळ केलेल्या वरच्या दुधाने अतिसार होतो तोही त्याच बाळाला.

त्या दिवशी नियंत्रक परतले तेव्हा त्या बाईची गाडी सुटून गेली होती. मी तक्रार पुस्तक मागितले, तेव्हा त्यांनी तत्परतेने कुलूप उघडून कक्ष मला दाखवला. आत पंखा होता, एक बाक होते आणि बाकावर जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे रचून ठेवलेले होते.