दया करावी, पण जागा दाखवून

गरिबांबद्दल तुमच्या मनात अपार कळवळा आहे, यात शंकाच नाही. पण त्यातलाच एखादा रविवारी खरोखर चर्चमध्ये उपासनेला येऊन उभा राहिला तर?

गडबडून जाऊ नका. आधी हसा. मग दाराजवळचा शेवटचा बाक दाखवा; 'इथे वारं छान लागतं' म्हणा. गीतांचं पुस्तक कोपऱ्याला धरून द्या, म्हणजे बोटाला बोट लागत नाही. तो बसला की त्या बाकावरची मंडळी आपोआप पुढे सरकतात, ते सांगावं लागत नाही. (बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात नेमका हाच प्रसंग आहे: सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा, मळक्या कपड्यांतल्याला पायाशी. याकोबाने कान उपटायला लिहिलं. आपण बैठकव्यवस्था म्हणून वाचावं.) एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी चर्चमध्ये बाकांना चक्क भाडं असे, फुकटचे बाक तेवढे गरिबांना. आता भाडं गेलं. माणसाला आपली जागा तरीही कळते.

जेवणाचा विषय नाजूक. मेजवानी दिलीत तर मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नका. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, त्यांना परतफेड करता येत नाही, असं येशूने सांगितलंय. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १४. हे वचन सुंदर फ्रेम करून जेवणाच्या टेबलावर टांगा आणि त्याखाली मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना आग्रह करकरून वाढा. गरिबांना डबे द्यावेत, बाहेरच्या बाहेर. देणारा ताठ, घेणारा वाकलेला, फोटो झकास येतो. एका टेबलावर बसलं की कोण कुणावर दया करतंय तेच कळत नाही.

कुणी फादर डेमियनचं नाव काढेल. ते १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले आणि १८८९ साली त्याच रोगाने वारले. २००९ साली पोपनी त्यांना संत घोषित केलं, केवढी सोय झाली! संताला हार घालायचा असतो, त्याच्या वाटेला जायचं नसतं.

खरा धोका उपासना संपल्यावर. तो शेवटच्या बाकावरचा पुढे येऊन विचारेल, 'खुर्च्या आवरायला थांबू का?' इथे सांभाळा. आज खुर्च्या उचलेल, उद्या समितीच्या खुर्चीत बसेल. 'छे छे, तुम्ही पाहुणे!' म्हणत दारापर्यंत पोचवून या.

पुढच्या रविवारी तो दिसला नाही, तर प्रार्थनेत त्याची आठवण जरूर करा. नाव विचारायचं राहिलं असेलच. 'आमचा एक गरजू बांधव' म्हणा. देवाला कळतं.