फाइल कोणी फिरवायची?

महाराष्ट्रातल्या कॅन्सरवरच्या चर्चा इथे इंग्लंडमध्ये बसून वाचते, तेव्हा त्या बहुतेक मशिनांभोवती आणि इमारतींभोवती फिरताना दिसतात. पेट-स्कॅन कुठे बसवायचा, महागडी औषधं सरकारी योजनेत घ्यायची का, नवं रुग्णालय कोणाच्या वाट्याला जाणार. हे सगळं हवंच. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रुग्ण बऱ्याचदा अडकतो तो दोन डॉक्टरांच्या मधे, आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही.

मी इथल्या एका लंग क्लिनिकची समन्वयक आहे. काम डॉक्टरकीचं नाही, मागे लागण्याचं. आठवड्याच्या बैठकीआधी सीटी, बायोप्सी, जनुकीय चाचणी असे प्रत्येकाचे रिपोर्ट गोळा करायचे. बैठकीला छातीरोगतज्ज्ञ, सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि लंग कॅन्सर नर्स असतात. कॅन्सरसेवा कशी असावी हे सांगणाऱ्या १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर ही पद्धत इथे रुजली.

एका वृद्ध रुग्णाचा सीटी पडद्यावर होता. सर्जन म्हणाले, गाठ निघेल. छातीच्या डॉक्टरांनी फुंकायच्या चाचणीचे आकडे वाचले आणि मान हलवली. इतका वेळ गप्प असलेली नर्स म्हणाली, ते एकटे राहतात, आंघोळ करतानाही धाप लागते आणि ऑपरेशन नको म्हणतात. काही मिनिटांत चर्चा नेमक्या जागी मारायच्या रेडिएशनकडे वळली. धाप फाइलमध्ये होती, ‘नको’ मात्र फक्त नर्सला माहीत होतं.

बहुतज्ज्ञ बैठक आपल्याकडेही होते, पण अनेकदा ती रुग्णाच्या मुलाच्या डोक्यात होते. खोकला आणि एक्स-रेवरचा डाग टीबीसारखा दिसतो म्हणून काहींचे सुरुवातीचे महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. मग एक डॉक्टर म्हणतो कापू, दुसरा म्हणतो केमो. ज्याला वैद्यकाची बाराखडी ठाऊक नाही तो मुलगा फाइल काखेत मारून निकाल लावतो, वर वडिलांना सांगायचं की नाही हेही ठरवतो.

यात औषधाचंही नुकसान होतं. भारतात फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या (हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) साधारण चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांत ईजीएफआर जनुकात बदल सापडतो. हे प्रमाण युरोपपेक्षा बरंच जास्त आहे, आणि अशांना त्या बदलावरच नेम धरणारी गोळी चांगली लागू पडते. पण बायोप्सीचा एवढासा तुकडा. जनुकीय चाचणीसाठी थोडा राखा, हे पॅथॉलॉजिस्टला आधी कोणी सांगितलंच नाही, तर तो रंगद्रव्यांच्या तपासण्यांतच संपतो आणि रुग्णाला पुन्हा सुई.

इथलं सगळं गोडगोड नाही. डॉक्टरांनी तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून (रेफरल) ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे उद्दिष्ट सर्रास चुकतं. आपल्याकडे खासगीत मोठ्या डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यात मिळू शकते, याचा मला हेवा वाटतो. शिवाय बैठकीत रुग्ण स्वतः नसतो. नर्स त्याला नीट भेटलेली नसेल, तर बैठक नुसती फोटो बघून उठते.

अशी बैठक म्हणजे परदेशी खूळ आहे असं मात्र म्हणू नये. टाटा मेमोरियलमध्ये आजारानुसार डॉक्टरांचे गट आहेत, रुग्णांना वाट दाखवणारे ‘केवट’ तिथे तयार होतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे, म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यामुळे, लांबच्या रुग्णालयालाही ऑनलाइन ट्यूमर बोर्डात, म्हणजे अशाच बहुतज्ज्ञ बैठकीत, केस मांडता येते.

वेदनाशमनाच्या डॉक्टरला आपण ‘आता काही उरलं नाही’ म्हटल्यावर बोलावतो. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना ही मदत सुरुवातीपासून मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालंच, शिवाय ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले.

ट्यूमर बोर्डाचा फॉर्म बैठक न घेता, नुसत्या सह्या फिरवूनही भरता येतो. म्हणून नव्या कॅन्सर सेंटरच्या उद्घाटनात मशिन कोणतं हे मी विचारणार नाही. रात्री धाप लागली तर रुग्णाने कोणत्या नर्सला फोन करायचा, आणि तिचा पगार कोणत्या खात्यातून निघतो, एवढं सांगा.