अंगठीची काळी रेघ आणि लिपस्टिकमधले शिसे

‘लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ उमटली तर तिच्यात शिसे आहे, आणि शिशाने कर्करोग होतो. जी लिपस्टिक जास्त वेळ टिकते तिच्यात शिसे जास्त. बाई आयुष्यभरात चार किलो लिपस्टिक खाते. कंपन्या शिशाचे नाव वेष्टनावर छापत नाहीत, म्हणून फक्त नैसर्गिक वापरा.’ या आशयाचा मजकूर २००३ च्या सुमारास इंग्रजी ईमेलमधून फिरू लागला आणि आता मराठीत व्हॉट्सअ‍ॅपवर सणासुदीच्या आधी हमखास येतो. गेल्या महिन्यात तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. माझ्या मावशीने तो वाचून मावसबहिणीच्या तीन लिपस्टिक कचऱ्यात टाकल्या आणि एका प्रदर्शनातून ‘बिटाचा शंभर टक्के नैसर्गिक’ लिपटिंट विकत आणला. मावशीची काळजी खरी होती, आणि त्या मजकुराने ती चुकीच्या जागी नेऊन ठेवली, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

अंगठीपासून सुरुवात करतो, कारण लोकांचा विश्वास बसतो तो याच प्रयोगामुळे. रेघ उमटते, हे खरे आहे. मी स्वतः कागदावर लिपस्टिकचा जाड थर लावून त्यावर अंगठी दाबून ओढली आणि करडी-काळी रेघ आली. मग शेजारी कॅलामाइन लोशनचा एक पट्टा ओढला, तो पूर्ण वाळू दिला आणि त्यावर तीच अंगठी ओढली. तिथे रेघ आणखी ठसठशीत आली. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असते, लिपस्टिकमध्ये बहुधा टिटॅनियम डायऑक्साइड आणि अभ्रक असते. या बारीक, कठीण कणांवर मऊ सोने घासले गेले की त्याचा अतिशय सूक्ष्म चुरा निघतो, आणि इतका बारीक धातू डोळ्याला पिवळा न दिसता काळपट दिसतो. पावडर लावलेल्या मानेवर सोन्याच्या साखळीचे काळे डाग पडतात, त्याचेही कारण हेच आहे. चांदी किंवा तांबे घासले तरी अशी रेघ येऊ शकते. सराफ कसोटीवर दागिना घासतो तेव्हा उमटणारी रेघ सोन्याची असते आणि तो तिच्यावरून सोन्याचा कस ठरवतो. त्या रेघेवरून दगडात काय आहे हे कोणी सांगत नाही. लिपस्टिकवरची रेघही अंगठीचीच असते.

दुसऱ्या बाजूनेही हिशेब करून पाहावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा शिशाचे सरासरी प्रमाण १.११ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत साधारण एक भाग, आणि सर्वाधिक प्रमाण ७.१९ पीपीएम निघाले. साडेतीन ग्रॅमच्या एका कांडीत सरासरीने चार मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी शिसे झाले, आणि अंगठीखाली येतो तो या कांडीचा अगदी लहानसा अंश. हे मोजण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना तीव्र आम्लांत विरघळवून महागड्या यंत्रातून काढावा लागतो. म्हणून ज्या लिपस्टिकवर रेघ आली नाही ती निर्धोक आहे, असे समजण्यालाही काहीच आधार नाही, आणि मला हा धोका रेघ पाहून उगाच घाबरण्यापेक्षा मोठा वाटतो.

‘जास्त टिकते म्हणजे शिसे जास्त’ हा दावा लवकर निकालात निघतो. लिपस्टिक ओठांवर टिकते ती तिच्यातल्या चिकट थरामुळे. आयसोडोडेकेनसारखा द्रव लावताच उडून जातो आणि मागे सिलिकोन रेझिनचा लवचीक पापुद्रा राहतो. घटकांच्या यादीत त्याचे नाव बहुधा ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट असे दिसते. या कामात शिशाचा काहीच उपयोग नाही. शिसे येते ते रंगद्रव्यांबरोबर. आयर्न ऑक्साइड, टिटॅनियम डायऑक्साइड, अभ्रक यांचे मूळ खनिजांत आहे आणि खनिजांत शिशाचा अंश असतोच, तो शुद्धीकरणात किती काढला जातो एवढाच प्रश्न उरतो. किमतीवरूनही अंदाज बांधता येत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅम्पेन फॉर सेफ कॉस्मेटिक्स या संघटनेने ३३ लिपस्टिक तपासल्या, तेव्हा ६१ टक्क्यांत शिसे आढळले आणि त्याचा किमतीशी मेळ लागला नाही.

चार किलोंचा आकडा गुणाकारातच कोसळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ३२ लिपस्टिक व लिपग्लॉस तपासताना दिवसाचा सरासरी वापर २४ मिलिग्रॅम आणि फार जास्त वापर ८७ मिलिग्रॅम धरला होता. रोज २४ मिलिग्रॅम लावले तर वर्षाला पावणेनऊ ग्रॅम आणि पन्नास वर्षांत साधारण ४४० ग्रॅम होतात, तेही लावलेले. त्यातले बरेचसे पेल्याच्या काठावर आणि रुमालावर जाते. चार किलो लिपस्टिक म्हणजे अकराशेहून जास्त कांड्या होतात.

आता कर्करोगाचा मुद्दा, आणि इथे मला काळजीपूर्वक लिहायचे आहे, कारण शिसे निरुपद्रवी आहे असा अर्थ कोणी काढू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये शिशाची असेंद्रिय संयुगे ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवली आहेत. परंतु शिशाची मुख्य भीती मेंदूसाठी आहे, आणि त्यातही मुलांच्या. ते हाडांत साठते, गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही. म्हणून प्रश्न नेहमी मात्रेचा आणि ती कोठून येते याचा आहे. सर्वाधिक शिसे निघालेली लिपस्टिक सर्वाधिक वापरून सगळी गिळली, तरी दिवसाला ०.६३ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. सरासरी लिपस्टिक सरासरी वापरात ०.०३ मायक्रोग्रॅमही देत नाही. अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांसाठी आहारातील शिशाची संदर्भ पातळी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम आणि मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. लहान मुलींना खेळ म्हणून रोज लिपस्टिक लावू देऊ नये, हे माझे मत या दुसऱ्या आकड्यामुळे आहे.

‘शिशाचे नाव यादीत नसते’ हे वाक्य खरे आहे, पण त्यात लपवाछपवी नाही. यादी मुद्दाम घातलेल्या घटकांची असते आणि शिसे हा घटक नसून अशुद्धी आहे. भारतात रंगासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे आणि सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे रंगद्रव्यांत शिशाची मर्यादा २० पीपीएम आहे. कॅनडाने प्रसाधनांसाठी १० पीपीएम ही मर्यादा धरली आहे, अमेरिकेने डिसेंबर २०१६ च्या मसुद्यात ओठांच्या प्रसाधनांसाठी तीच सुचवली. आपल्याकडेही तयार लिपस्टिकसाठी एवढी कडक मर्यादा असावी आणि बाजारातून उचललेल्या नमुन्यांचे निकाल नियमितपणे जाहीर व्हावेत, अशी मागणी करावीशी वाटते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये ३० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा १५ मध्ये क्रोमियम आणि १३ मध्ये निकेल सापडले होते. या धातूंविषयी तो मजकूर अवाक्षर काढत नाही.

यादीतून शिसे कळत नसले तरी बाकी पुष्कळ कळते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. एका यादीची सुरुवात एरंडेल तेल, कँडेलिला मेण आणि मधमाश्यांच्या मेणाने होत असेल तर ती साधी, मऊ कांडी आहे. दुसरीत आयसोडोडेकेन पहिले असेल तर ती टिकेल, पण कोरड्या ओठांना ओढ बसेल. सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांची क्रमांकसूची. या अक्षरांपुढचा आकडा ७७ ने सुरू झाला तर रंग खनिज असतो. ७५४७० हा आकडा कारमाइनचा, म्हणजे कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढलेल्या लाल रंगाचा आहे, आणि शाकाहारी घरांत तो माहीत असायला हवा. ओठ वारंवार सोलवटत असतील तर सुगंध, लॅनोलिन, प्रोपिल गॅलेट आणि मेन्थॉल ही नावे दोन्ही याद्यांत शोधून पाहावीत. मेन्थॉलचा गारवा बरा वाटतो, पण चिरलेल्या ओठांची आग तो वाढवू शकतो.

राहिला ‘नैसर्गिक’चा सल्ला. शिसे निसर्गातच सापडते. मारुतीला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे आणि त्याच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग शिसे असते. न्यू जर्सीतून आणि भारतातून घेतलेल्या सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसे सापडले. देवघरात शेंदूर असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि हाताळल्यावर हात धुवावेत. लिपस्टिकच्या भीतीपेक्षा ही खबरदारी घराला अधिक उपयोगी पडेल.

मावशीने आणलेली बाटली मी हातात घेऊन पाहिली. बिटाचे चित्र होते, किंमत होती, ‘रसायनमुक्त’ असे लिहिले होते. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि घटकांची यादी, यांतले एकही नव्हते, आणि यांतले उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि अंतिम तारीख छापणे तर लहान बाटलीवरही कायद्याने बंधनकारक आहे. मी मावशीला ते एकेक करून दाखवले. तिने ती बाटली बाजूला ठेवली आणि आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची ते विचारले.