मोटारीनं कुठंही जाता येतं, फक्त खेचरं आधी ठरवा

नवी गाडी दारात उभी आहे. टपावर सामानाची जाळी बसली आहे, मागच्या काचेवर डोंगराचं स्टिकर लागलं आहे, आणि मॉलच्या तळघरातल्या पार्किंगपलीकडचं जग तिला दाखवावं असं तुमच्या मनात आलं आहे. उत्तम. खडतर मुलखातून गाडी कशी न्यावी याचा सल्ला हल्ली कुणीही उठून देतो. पण घ्यायचाच असेल तर ज्यांनी रस्ताच नव्हता तिथून मोटार नेली त्यांच्याकडून घ्या. म्हणजे १९०७ साली पेकिंगहून, आजच्या बीजिंगहून, पॅरिसला मोटारींच्या शर्यतीत निघालेल्या मंडळींकडून.

‘ल मातँ’ या पॅरिसच्या दैनिकानं ३१ जानेवारी १९०७ला जाहीर केलं की, हाताशी मोटार असली की माणूस काहीही करू शकतो आणि कुठंही जाऊ शकतो, एवढंच आता सिद्ध करायचं बाकी आहे. या उन्हाळ्यात पेकिंगहून पॅरिसला कोण येतो? हे विधान नीट वाचा. मोटार स्वतःच्या इंजिनावर जाईल असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. पुढचं सगळं यश त्या मोकळ्या जागेत आहे.

१० जूनला पाच गाड्या निघाल्या. तर सल्ला पहिला: राजपुत्र म्हणून जन्माला या. शिपियोने बोर्गेझे हे रोमच्या जुन्या घराण्यातले. त्यांची इताला गाडी ३५/४५ अश्वशक्तीची, तर दोन्ही द दिओन-बुताँ १०च्या, डच स्पायकर १५ची आणि ओग्युस्त पाँसची काँताल ही तर ६ अश्वशक्तीची तीनचाकी. तुमच्या घराण्यात कुणी पोप होऊन गेलेला नसेल, तर निदान एत्तोरे गुइत्सार्दीसारखा मेकॅनिक तरी पाळा. हा गृहस्थ मुक्कामाला पोहोचल्यावरसुद्धा गाडीखाली आडवा होऊन तिचा एकेक भाग न्याहाळत पडायचा. इतिहासात नाव राजपुत्राचं झालं, हेही ध्यानात ठेवा आणि मेकॅनिकला कळू देऊ नका.

दुसरा सल्ला मात्र खरंच पाळण्याजोगा आहे, त्यात उपरोध शोधू नका. बोर्गेझेंनी गाडीच्या रुंदीइतका बांबू कापून घेतला, घोड्यावर बसले आणि पेकिंगच्या उत्तरेच्या डोंगरवाटा आधीच मोजून आले. बांबू अडला तर गाडी अडणार. पुण्याच्या पेठांमध्ये स्थळ बघायला एसयूव्ही घेऊन जाणाऱ्यांनी असा एक बांबू डिकीत ठेवायला काय हरकत आहे?

आता खेचरांकडे येऊ. पेकिंग सोडल्यावर नानकौची खिंड लागली. ‘कुठंही जाऊ शकणाऱ्या’ मोटारीच्या अंगावरचं ओझं उतरवलं, पुढं दोर बांधले, दोरांना खेचरं आणि चिनी मजूर जोडले, आणि गाडी दगडांवरून ओढून चढवली. राजपुत्र सुकाणू धरून होते. उतारावर तेच मजूर मागून दोर ताणून गाडी रोखत होते, कारण ब्रेकवर तितका विश्वास नव्हता. कलगन शहरापर्यंतचा बराचसा रस्ता असाच कापला गेला. यंत्रयुगाची पहाट झाली ती अशी, चाळीस-पन्नास उघड्या पायांवर. पुढं गोबीत वाट मोकळी होती, गाडी सुसाट गेली, पण तिचं पेट्रोल उंटांच्या काफिल्यानं आधीच तिथं नेऊन ठेवलं होतं. आणि मंगोलियातल्या इरो नदीवर इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो काढून कोरडा ठेवला आणि इंजिनाच्या जागी बैल जुंपले. पाण्यातून बाहेर आल्यावर मॅग्नेटो परत बसवला आणि मोटार पुन्हा मोटार झाली. त्या बैलांची अश्वशक्ती कुणी नोंदवलेली नाही.

प्रवासाला एक पत्रकार न्यायला विसरू नका. बोर्गेझेंच्या गाडीत ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या इटालियन दैनिकाचे लुईजी बार्झिनी होते. आज तुम्ही घाट चढायच्या आधीच रील टाकता. बार्झिनी गोबीतल्या पोंगक्योंगच्या तारघरात मजकूर घेऊन गेले. मातीचं एकाकी घर, आत एक चिनी तारमास्तर. त्यानं कागद घेतला, शब्द मोजले आणि वर आकडा टाकला: १. आजची पहिली तार का, असं बार्झिनींनी विचारलं. नाही, तारघर उघडल्यापासूनची पहिली. तारघर उघडून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं तो माणूस रोज यंत्र पुसून बसत होता. रेंज नाही म्हणून ढाब्यावर पोराला ओरडताना हा तारमास्तर आठवून बघा. नाही आठवणार, पण बघा.

सहप्रवाशांबद्दल काय सांगू? वाळवंट पार करेपर्यंत एकमेकांना सोडायचं नाही अशा आणाभाका ग्रुपवर होतातच. पाँसची तीनचाकी गोबीत पेट्रोल संपून थांबली. बाकीच्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली की तो मागं वळला असेल. पाँस आणि त्याचा मेकॅनिक पाण्यावाचून चालत राहिले आणि शेवटी मंगोल भटक्यांनी त्यांना वाचवलं. म्हणून ग्रुपवर ‘पोहोचलो’ असा मेसेज आला नाही तर ‘वळला असेल’ हे उत्तर तयार ठेवा, त्याला ऐतिहासिक आधार आहे. पाँसचं म्हणाल तर तो पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क-पॅरिस शर्यतीत पुन्हा उतरला. काही खाजा औषधानं जात नाहीत.

रशियात गेल्यावर रस्ता मिळेल या आशेवर राहू नका. आगगाडी सुरू झाल्यावर सैबेरियाचा जुना लष्करी रस्ता कुणी विचारेनासं झालं होतं, पूल कुजले होते. बैकलच्या परिसरात असाच एक पूल इतालाखाली मोडला. गाडी मागच्या बाजूनं खाली गेली आणि नाक आभाळाकडे करून उभी राहिली. माणसं तिघंही वाचली. मग पुन्हा मजूर, ओंडके, दोर. बाहेर काढल्यावर इंजिन सुरू झालं, आणि त्याचं कौतुक अजून चालू आहे. मजुरांचं तेव्हाही फारसं नव्हतं. मग यांनी सरळ रेल्वेमार्गावर गाडी चढवायची परवानगी मिळवली आणि एकेक स्लीपर मोजत ठेचकाळत निघाले. ज्या रुळांवरून आगगाडी पेकिंगचा प्रवासी दोन-तीन आठवड्यांत युरोपात आणून सोडत होती, त्याच रुळांवरून मोटारीनं जायचं आणि आगगाडीचं युग संपलं हे सिद्ध करायचं, याला छाती लागते.

पुढं उरलच्या बाजूला मागच्या चाकाचे आरे निखळले. आता तुम्ही कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावाल आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे मराठी, हिंदी, इंग्रजीत ऐकाल. तिथं एक म्हातारा रशियन सुतार सापडला. त्याच्याकडे हत्यार म्हणावं तर कुऱ्हाड. मोजपट्टी नाही, लेथ नाही. त्यानं कुऱ्हाडीनं लाकूड तासून चाक बनवून दिलं, आणि ते चाललं. त्याच्या नावाचा पुतळा शोधत बसू नका.

एवढं झाल्यावर माणसाला भूक लागते. बोर्गेझे मॉस्कोहून सरळ पश्चिमेला न जाता वाकडी वाट करून सेंट पीटर्सबर्गला गेले, तिथं मेजवानी होती. शर्यत चालू होती, पण बाकीचे इतके मागं होते की गोडाचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं तरी चाललं असतं. १० ऑगस्टला ते पॅरिसमध्ये पोहोचले, बरोबर दोन महिन्यांनी. बक्षीस शँपेनची मोठी बाटली. पेट्रोलचा खर्च त्यातून निघतो का, हे विचारणारा माणूस मुळात अशा प्रवासाला निघतच नाही. बाकीचे महिनाअखेरीस आले. स्पायकरचा शार्ल गोदार मात्र सुटे भाग विकून बोटीचं भाडं भरून आलेला आणि वाटेत मागून-उसनवारी करत आलेला, त्याला पॅरिस गाठण्याआधीच फसवणुकीच्या आरोपावरून पकडलं. राजपुत्र व्हा म्हणालो होतो ना?

शेवटची सूचना कागदपत्रांबद्दल. गोबी, बैकल, उरल पार करून इताला बेल्जियममध्ये आली आणि वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलिसानं अडवली. कुठून येता? पेकिंगहून. पोलीस चिडला, त्याला वाटलं आपली थट्टा चालली आहे. तेव्हा तुम्ही लडाखहून परतताना टोलनाक्याच्या पुढं हात झाला, तर खरं सांगायच्या भानगडीत पडू नका. ‘इथंच, खोपोलीला पाहुण्यांकडे गेलो होतो साहेब’ म्हणा, पीयूसी दाखवा आणि निघा.