मानसशास्त्रात हमखास शोध कसा लावावा

मानसशास्त्रात नाव कमवायचंय आणि तेही लवकर? मग नीट मोजण्याच्या भानगडीत पडू नका. 'मन काही तराजूत तोलता येत नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा. मोजमापाबद्दल कोणी हटकलं की तेच ऐकवायचं, आणि पुढच्याच तक्त्यात मनाचे आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत छापायचे.

प्रश्नावली स्वतःच रचा. 'मला बरेचदा उदास वाटतं', 'मी पुष्कळदा उदास असतो', 'उदासपणा माझी पाठ सोडत नाही', असे दहा प्रश्न पुरेत. पहिल्या प्रश्नाला चारवर खूण करणारा गडी उरलेल्या नऊंनाही चारवरच करतो, कारण त्याला घरी जायचं असतं. बरेचदा म्हणजे आठवड्यातून दोनदा की दिवसातून चारदा, हे ज्याचं त्याने ठरवावं. उत्तरं एकमेकांशी जुळली की ली क्रॉनबाखने १९५१ साली मांडलेला अल्फा गुणांक मस्त वर चढतो आणि प्रश्नावली 'विश्वसनीय' ठरते. ती उदासी मोजते की कंटाळा, हा प्रश्न 'पुढील संशोधनाच्या दिशा' या परिच्छेदात ढकलून द्या. तिथे सहसा कोणी फिरकत नाही.

आता माणसं. वीस बास. यामागचं गणित समजून घ्या, कारण खरी गंमत इथे आहे. वीसजणांत दोन गोष्टींचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पुरेपूर) ०.०५ च्या पातळीवर सार्थक ठरायला, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा आकडा येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत असायला, तो निदान ०.४४ भरावा लागतो. समजा, खरा संबंध जेमतेम ०.२ आहे. मग तुमचा निष्कर्ष एकतर सार्थक नाही म्हणून छापलाच जाणार नाही, किंवा छापला गेला तर दुपटीहून मोठा होऊनच छापला जाईल. चाळणीच अशी आहे की बारीक खडा वर राहूच शकत नाही. मोठ्या नमुन्यात तुम्हाला खरा, किरकोळ, कंटाळवाणा ०.२ मिळाला असता. त्याची बातमी कोण करतो?

मोजमाप गचाळ असेल तर दुधात साखर. चार्ल्स स्पिअरमनने १९०४ सालीच दाखवून दिलं होतं की मापनातल्या त्रुटीमुळे सहसंबंध सरासरीने फिका पडतो: खरा ०.५ असेल आणि दोन्ही मापांची विश्वसनीयता (अजिबात त्रुटी नसेल तर ती एक) ०.७ असेल, तर हाती ०.३५ लागतो. याचा सोयीचा अर्थ असा लावा: 'एवढ्या ढिसाळ मापातूनही संबंध दिसला, म्हणजे खरा तर याहून जबरदस्त असणार!' सभेत हे वाक्य विनयाने म्हणावं, फार छान दिसतं. एरिक लोकेन आणि अँड्र्यू गेलमन यांनी २०१७ साली दाखवलं की लहान नमुन्यात, फक्त सार्थक तेवढंच निवडून घेतलं की हा तर्क उलटतो. त्रुटी आकड्यांना इतकं हेलकावायला लावते की चाळणीतून सुटलेला आकडा खऱ्याहून फुगलेलाच असू शकतो. असले लेख वाचू नयेत. मूड जातो.

इतकं करूनही पी-मूल्य, म्हणजे तीच योगायोगाची शक्यता, ०.०५ च्या वर अडून बसलं तर खचू नका. आणखी दहाजण घ्या, पुन्हा बघा. स्त्री-पुरुष वेगळे काढा. प्रयोगातला एखादा गट गाळा. सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी २०११ साली हिशेब केला: अशा चार सवलती एकत्र घेतल्या की मुळात काहीच नसतानाही काहीतरी 'सापडण्याची' शक्यता ५ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते. त्यांनी तर बीटल्सचं एक गाणं ऐकवून विद्यार्थ्यांचं वय जवळपास दीड वर्षाने कमी करून दाखवलं. गाणं ऐकून तरुण वाटलं असं नव्हे, जन्मतारखेवरून काढलेलं वय कमी! वडिलांचं वय हिशेबात धरलं की पी-मूल्य ०.०४. मंडळी अर्थात चेष्टा करत होती. तुम्ही तो लेख मार्गदर्शिका म्हणून वाचा.

गृहीतक आकडे पाहून झाल्यावर लिहावं. वरातीमागून घोडं म्हणून लोक हसतील, पण फोटोत घोडं पुढेच दिसलं पाहिजे.

पुढेमागे कोणी तुमचा प्रयोग पुन्हा करून पाहील, ही एक जोखीम आहे. २०१५ साली शंभर अभ्यास असे पुन्हा केले गेले. मूळच्यांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच उरले. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. त्यांच्या खोलीतला उजेड वेगळा होता, सूचना देणाऱ्याचा आवाज कोरडा होता, प्रतिसादक भलतेच सावध होते, असं काहीही चालतं. तुमचा परिणाम 'नाजूक' आहे आणि ठरावीक परिस्थितीतच दिसतो असं जाहीर करा. ती परिस्थिती नेमकी कोणती, हे शोधायला निधी मागता येतो.