मोराचं बदक

सात इंचांच्या पडद्यावर शत्रू दिसत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला दिसत असेल. माझ्या चष्म्यातून थेट आपण मेल्याचा निरोपच दिसतो, तोही डोळे बारीक केल्यावर. आतेभावानं अमेरिकेहून येताना चिरंजीवांसाठी स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक आणला, तेव्हा परीक्षा संपेपर्यंत तो कपाटात राहील असं घरात ठरलं. तो कपाटात नीट राहतोय ना, हे मी रोज रात्री काढून तपासत होतो. म्हणजे खेळत होतो. आणि रोज रात्री मरत होतो. शेवटी म्हटलं, घरात चोवीस इंची मॉनिटर आहे, तो काय नुसता जीएसटीचा तक्ता बघायला आहे का?

सोलापूरच्या नवी पेठेत गेलो. टाइप-सी भोक दिसायला सगळ्यांचं सारखंच असतं, पण त्यातून चित्र बाहेर पडायचं तर यंत्रात आणि जोडणीत दोन्हीकडे ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो, एवढा अभ्यास करून गेलो होतो. स्टीम डेकमध्ये तो आहे. प्रश्न हबचा, म्हणजे यंत्र आणि मॉनिटर जोडणाऱ्या मधल्या डबीचा होता.

“ह्याच्यात ऑल्ट मोड आहे का?”

“सगळे मोड हायत की साहेब,” दुकानदार खोक्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत म्हणाला. “फोर के हाय, फोर के. घेऊन जावा, नाही चाललं तर मी हाय की हितंच.”

खोक्यावर ‘४के’ अंगठ्याएवढं छापलं होतं आणि ‘३० हर्ट्झ’, म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं, हे मुंगीच्या पायाएवढं. पण माझा मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, त्याला ४केचं काय करायचंय, असा शहाणा विचार करून मी तो घेतला.

घरी आल्यावर सगळं जोडलं. मॉनिटरवर निळी पट्टी आली: ‘नो सिग्नल’. आता मॉनिटरला सांगायला हवं की बाबा, व्हीजीएची जुनी वायर सोड, एचडीएमआयच्या नव्या वायरीकडे बघ. हे सांगायची बटणं मॉनिटरच्या खालच्या कडेला, उलट्या बाजूला असतात. पाच असतात, एकावरही नाव नसतं आणि पाचही बोटाला अगदी सारखीच लागतात. पहिलं दाबलं की मेनू येतो, दुसरं दाबलं की उजेड वाढतो, तिसऱ्यानं मेनू जातो आणि चौथ्यानं मॉनिटरच बंद होतो. पाचवं कशाचं आहे हे वाचायला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा, तोवर मेनू कंटाळून निघून गेलेला असतो. मी टेबलाखालून मान वर करून बटणं चाचपत होतो आणि चिरंजीव वरून धावतं समालोचन करत होते. “आलं, आलं पप्पा... गेलं.”

यथावकाश चित्र आलं. पण कडा गायब. डेस्कटॉप मोडमध्ये खालच्या पट्टीतलं घड्याळ कमरेपासून कापलेलं.

“कट व्हायलंय पप्पा,” चिरंजीव म्हणाले. ते मलाही दिसत होतं.

ह्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र मुद्दाम थोडं फुगवून कडा चौकटीआड ढकलायची रीत होती. नळी गेली, टीव्ही भिंतीला चिकटला, रीत मात्र राहिली. आजही कित्येक पडदे एचडीएमआयमधून काही आलं की तो टीव्हीचाच सिग्नल आहे असं समजून त्याच्या कडा खातात. पुन्हा टेबलाखाली. मेनूत ‘ओव्हरस्कॅन’ सापडलं, बंद केलं, आणि घड्याळाला पाय फुटले.

तेवढ्यात लाईट गेली. मॉनिटर काळा झाला, पण स्टीम डेक बॅटरीवर चालूच! लाईट आल्यावर बघतो तर चित्र पुन्हा आलं खरं, पण अक्षरं वाचनालयाच्या पाटीएवढी. त्याचं असं आहे: केबल जोडली की मॉनिटर स्वतःची माहिती यंत्राला पाठवतो. मी अमुक आकाराचा, मला इतकं झेपतं, वगैरे. ह्या माहितीला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा असतो. ह्या निरोपातल्यापेक्षा जास्त मजकूर आमच्याकडे लाईट गेल्यावर गल्लीत ऐकू येतो. मधल्या हबनं तो निरोप गिळला, की यंत्र बिचारं अंदाजानं चालतं आणि १०२४ बाय ७६८ किंवा थेट ६४० बाय ४८० अशा जुन्यापान्या, बिनधोक आकारावर येऊन बसतं. केबल काढून पुन्हा खोचली की निरोप पुन्हा जातो. खोचली. गेला.

आता गेम लावला. चित्र पूर्ण, पण दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि सगळं पुसट, विजापूर रोडवर धुळीत मागून येणाऱ्या रिक्षासारखं. मेन्यूत मॉनिटर १९२० बाय १०८० दाखवतोय, चित्र मात्र तसं नाही. चिरंजीवांनी आधी माझ्या चष्म्यावर संशय घेतला, मग स्वतः जवळ जाऊन बघितलं आणि संशय मागे घेतला. ह्या पुसटपणाचा मला एक फायदा होता. मेलो की म्हणता यायचं, दिसतच नाही तर मारणार कुठून?

शेजारचे अण्णा ह्याच वेळी आले. आम्ही पूर्व भागात राहतो. अण्णांची हयात चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची डिझाइनं काढण्यात गेली. आता निवृत्त आहेत आणि लाईट गेली-आली की कुणाकडे आधी आली हे बघायला येतात.

“काय करायलाव साहेब?”

मी सांगितलं. यंत्राचा स्वतःचा पडदा १२८० बाय ८००. मॉनिटर १९२० बाय १०८०.

अण्णांनी खुर्ची ओढली, मॉनिटरच्या इतक्या जवळ तोंड नेलं की काचेवर वाफ धरली, आणि बोटानं एका झाडाची कड दाखवली. “हे बघा. चौकट चौकट फुटलीय. डिझाइन लहान कागदावरचं हाय, माग मोठा हाय. तुम्ही ताणून बसवायलाव.”

मग त्यांनी माझ्या जीएसटीच्या कागदामागे काढून दाखवलं. चादरीवरचा मोर आधी आलेख कागदावर काढायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा, वर किंवा खाली. त्याबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तर हुक धागा उचलणार, नसेल तर नाही. मधलंअधलं काही नाही. “लहान मागाचा मोर मोठ्या मागावर घातला तर एका चौकोनाला सव्वा धागा, दीड धागा असा हिशेब येतो. सव्वा धागा कुठून आणणार? मग कुठं एक घेतो, कुठं दोन. आन् रुंदीला जास्त ताणला, उंचीला कमी, की मोराचं बदक होतंय. मालक बदक विकत न्हाई साहेब.”

१८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डनं हा माग आणला, आणि दोनशे वर्षांनी त्याचा खुलासा मला सोलापुरात मिळाला. तोही इतका तंतोतंत, की चिरंजीवांनी मोबाइलवर हिशेब करून बघितला. ८०० ओळींच्या १०८० करायच्या म्हणजे १.३५ पट. त्या मापानं १२८०चे १७२८ होतात आणि १९२० भरायला दोन्ही बाजूंना ९६-९६ ठिपके उरतात. तेच काळे पट्टे. म्हणजे यंत्रानं निदान मोराचा मोर ठेवला होता, ताणून बदक केलं नव्हतं.

दोष कुणाचाच नव्हता. मॉनिटर आपल्या जागी बरोबर होता, स्टीम डेकही. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘गेम रिझोल्यूशन’ असा एक रकाना असतो. तो ‘डिफॉल्ट’वर असला की बाहेर कितीही मोठा पडदा लावा, गेम आपला घरच्या १२८० बाय ८०० मापातच चालतो. तिथं ‘नेटिव्ह’ निवडायचं आणि मग गेमच्या आतल्या सेटिंगमध्येही १९२० बाय १०८० करायचं. एका जागी करून भागत नाही. केलं. आणि चित्र असं काही लख्ख आलं की अण्णा म्हणाले, “आता कसं!”

आता असं, की गेम चालेना. पात्र एक पाऊल टाकायचं, थांबायचं, विचार करायचं, दुसरं टाकायचं. साहजिक आहे. आधी एका चित्रात १०,२४,००० ठिपके रंगवायचे होते, आता २०,७३,६००. दुप्पट काम, पगार तोच. यंत्राचा पंखा घोंगावू लागला. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, आत छताचा पंखा गरम हवा ढवळतोय आणि खाली हा तळहाताएवढा पंखा त्याच्याशी स्पर्धा करतोय.

“त्याला थोडं पाणी दाखवा की,” स्वयंपाकघरातून सूचना आली.

तडजोड अण्णांच्याच हिशेबानं निघाली. गेम १२८० बाय ७२०वर ठेवला. आता ७२०चे १०८० म्हणजे नेमके दीड पट, रुंदीलाही दीड, उंचीलाही दीड. पट्टे गेले. मग यंत्राच्या तीन ठिपक्यांच्या बटणातून एफएसआर नावाचा फिल्टर लावला. तो लहान चित्र मोठं करताना कडा धारदार करून देतो. अण्णांनी पुन्हा काचेवर वाफ धरून तपासलं. “चालतंय. एक्स्पोर्टचा माल न्हाई, पण चालतंय.”

ही गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं. अण्णांनी ती गल्लीत नेली, आणि गल्लीतून ती सौभाग्यवतींच्या माहेरी गेली. परवा जुळे सोलापुरात नात्यातलं लग्न होतं. मंगल कार्यालयात मोठ्या टीव्हीवर वधू-वरांचे लहानपणापासूनचे फोटो चालले होते. जुने ४:३ आकाराचे फोटो १६:९च्या पडद्यावर ताणलेले; प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद. नवरीची आई माझ्याकडे आली. “भावजी, तुम्हाला कळतं म्हणे ह्यातलं. पोरगी किती जाड दिसायलीय बघा. चार माणसांत बरं दिसतं का?”

मी रिमोट मागवला, चित्राचा आकार ४:३ केला. नवरी एका क्षणात बारीक. माऊलीचा चेहरा खुलला. एवढ्यात मागून नवऱ्या मुलाची आत्या तरातरा आली.

“कुणी हात लावला ओ त्याला? आमचा पोरगा चांगला भरलेला दिसत होता. आता पाव्हणे म्हणतील, घरात खायला घालत न्हाईत काय!”

दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी रिमोट सौभाग्यवतींच्या हातात दिला आणि पंगत बसली का ते बघायला निघालो.